पोदेर परत यायला नको आहे, असे कोण कोण?

साखळीहून तू पाठवलेली पटकथा दोनदा वाचली. एकदा फोंड्याच्या बसमध्ये, आणि एकदा घरी पेन्सिल घेऊन. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी गोष्ट सांगून टाकतो. डिचोली तालुक्यातले दोन बेकार मुलगे एका जमीन-दलालाला उचलायला जातात. ऑगस्टचा पाऊस, पहाटेचा काळोख, डोक्यावर रेनकोटची टोपी. दलालाऐवजी हाती लागतो दिवाडी बेटावरचा पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, सायकल आणि पावाच्या टोपलीसकट. मुंबईच्या वाहिन्या धावत येतात आणि दोन दिवसांत त्याचा ‘गोव्याचा बेकरीसम्राट’ होतो. तुझा प्रश्न असा की नाट्यवाचनाला लोक मध्यंतरापर्यंत खदाखदा हसले आणि वाहिन्या आल्यावर गप्प बसले, असं का? विनोद वाढवू का? पोलिसांचा भाग खोटा वाटतो का?

विनोद वाढवू नकोस. आहे त्यातला निम्मा काढून टाक. पोलिसांचा भाग थोडा चुकलाय, पण लोक त्यामुळे गप्प बसलेले नाहीत. मध्यंतरानंतर तुझ्या प्रत्येक पात्राला एकच गोष्ट हवी आहे: पोदेर सुटावा. सरपंचाला तेच हवं, पीआयला (पोलीस निरीक्षकाला) तेच, वार्ताहरालाही तेच. सगळे एका बाजूला उभे राहिले की ओढाताण संपते, मग फक्त आरडाओरडा उरतो. तुझी अँकर तर सत्तर पानं नुसती ओरडते आहे. ओरडणारी अँकर प्रेक्षक रोज रात्री घरी फुकट बघतो, त्यासाठी तो तिकीट कशाला काढेल?

अपहरणाच्या प्रहसनात मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. हा माणूस आणखी एक दिवस परत आला नाही, तर कोणाचं भलं होतं? वहीत गावातल्या प्रत्येकाचं नाव लिही आणि पुढे उत्तर लिही. धक्क्याजवळच्या तावेर्नवाल्याचा, म्हणजे दारूच्या दुकानवाल्याचा, धंदा तिप्पट झालाय. ज्याच्या अंगणात वाहिनीची थेट प्रक्षेपणाची गाडी, ओबी व्हॅन, लागली, त्याने प्लगचं आणि संडासाचं वेगळं भाडं लावलंय. पीआयची बदली निघाली होती, ती थांबली. पलीकडच्या काठावरून येणाऱ्या दुसऱ्या पोदेराला आयतं गिऱ्हाईक मिळालं. ज्या दलालाला उचलायचं होतं तो ‘मीच खरा बळी’ म्हणत सहानुभूतीवर पंचायतीची निवडणूक लढवायला निघालाय. हे सगळे कॅमेऱ्यासमोर म्हणतात की तो सुखरूप यावा, आणि तसं मनापासून म्हणतात. फक्त आज नको, उद्या यावा. हा ‘उद्या’ म्हणजे तुझा सिनेमा. आणि या सगळ्यांत एकच माणूस असा ठेव, ज्याला तो आज हवाय: त्याची बायको. तिला विनोदी संवाद एकही देऊ नकोस.

पहिला भाग इतका चांगला का झालाय, तेही सांगतो. पोदेर नाहीसा झाल्याचं गावाला कळतं ते सकाळी त्याच्या सायकलचा पों पों भोंगा वाजत नाही म्हणून. घरोघर चहा उकळलाय, पावाचे उंडे नाहीत, पोयी नाहीत, आणि म्हातारी दारात पिशवी टांगून वाट बघतेय. हे वाचताना मी बसमध्ये एकटाच हसलो. माणसापेक्षा पावाची काळजी आधी होते, हे तू कुठेही न ओरडता दाखवलंस. तोच आवाज पुढे टिकव.

आता वाहिनी. मी सोळा वर्षं स्ट्रिंगर होतो, म्हणून इथे जरा लांबण लावणार आहे. तुझ्या पटकथेत मुंबईची स्टार वार्ताहर विमानातून उतरते आणि सगळं तिच्याभोवती फिरतं. खऱ्या आयुष्यात ती यायच्या आधी निदान अर्धा दिवस बातमी स्ट्रिंगरच्या हातात असते. स्ट्रिंगर म्हणजे पगार नसलेला माणूस. बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल स्वतःचं. त्याच्याकडे तीन वाहिन्यांचे तीन बूम, म्हणजे लोगो लावलेले माइक असतात, तो एकाच बाईटसाठी, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या चार वाक्यांसाठी, आलटून पालटून ते पुढे धरतो. असाइनमेंट डेस्कवरचा पोरगा त्याला फोनवर विचारतो, “आई रडतेय का?” आई रडत नसेल तर बातमी तिसऱ्या क्रमांकावर, रडत असेल तर पहिल्या.

एक लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगतो. सत्तरी भागात एक शाळकरी मुलगा हरवला होता. मी सगळ्यांच्या आधी पोचलो. आई बोलली, रडली, सगळं झालं. बाहेर येऊन क्लिप बघितली तर बूमवरचा लोगो उलट्या बाजूला. मी परत आत गेलो आणि त्या बाईला म्हटलं, “माये, एकदा परत सांगशील?” तिने परत सांगितलं. आणि परत रडली, कारण तिचं रडू खरंच होतं. मुलगा संध्याकाळी सापडला. शेजारच्या गावात दशावतार होता, तो रात्रभर बघून मावशीकडे झोपला होता. मी डेस्कला कळवलं तर पलीकडून उत्तर आलं, “नऊच्या बुलेटिनपर्यंत थांबव.” मी वाद घातला नाही. बातमी थांबवायला काय लागतं? फोन बंद ठेवला की झालं. आई तर तोवर मुलाला जेवायला वाढत होती, तिचं काही अडलं नाही. पण मुलगा घरी जेवत असताना राज्यभर तो तीन तास हरवलेलाच होता. त्या तीन तासांचा सिनेमा कर. तुझी अँकर त्याच्या जवळपासही पोचत नाही. माझा सल्ला असा, की मुंबईची वार्ताहर दुय्यम कर आणि स्ट्रिंगर हा नायक कर. तो गावचाच हवा, पोदेराकडून उधारीवर पाव घेणारा. पोदेर कुठे आहे हे त्याला तिसऱ्या दिवशी कळतं, आणि त्याच दिवशी त्याला पहिल्यांदा कायमच्या नोकरीचं आमिष मिळतं.

वाहिन्यांना दिवस ताणायचा असतो हे तू ‘टीआरपी’ या एका शब्दात उरकलंस. तिथे फार चांगला माल पडलाय. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचा आठवडा शनिवारी सुरू होतो, आकडे पुढच्या गुरुवारी येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याच्या गोंधळात वृत्तवाहिन्यांचे आकडे देणं बार्कने बंद केलं, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं, पण चार आठवड्यांच्या सरासरीने. एका दिवसाच्या कल्लोळाला महत्त्व येऊ नये, हा त्यामागचा विचार. आता तुझ्या संपादकाच्या डोक्याने बघ: कल्लोळ एक दिवस चालून उपयोग नाही, चार आठवडे चालला पाहिजे. म्हणजे पोदेराला महिनाभर कोंडून ठेवणं हे आता वाहिनीच्या हिशेबाचं काम झालं. सुधारणेतूनच नवी खोड कशी निघते, हे सांगायला तुला एकही विनोद लिहावा लागणार नाही. संपादकाने फळ्यावर चार चौकोन काढले की पुरे.

अपहरणाचा दिवसही आयता आहे. दिवाडीचं बोंदेरां ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असतं. पोर्तुगीज काळात वाड्यांच्या हद्दी दाखवायला निशाणं लावली जायची आणि लोक ती पाडायचे, त्या भांडणाची नक्कल म्हणजे हा सण. फोटाशीतून, म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकीतून, फळं उडवायची, निशाणं पाडायची, लटकं युद्ध करायचं. सरकारी हद्दीची टर उडवणारा सण गावात आहे आणि तुझ्या पटकथेत त्याचा उल्लेख नाही! शुक्रवारी पहाटे पोदेर गेला, शनिवारी बोंदेरां, आणि वाहिनीचा आठवडाही शनिवारीच सुरू. मुंबईच्या वार्ताहराला ते लटकं युद्ध खरं वाटलं तर मी तरी आश्चर्य मानणार नाही.

बेटाचा दुसरा फायदा फेरीबोट. दिवाडीला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर किंवा नार्वे, कुठूनही जायचं तर फेरीने. ओबी व्हॅन, पीआयची जीप, मंत्र्याची गाडी, मासळीवाली आणि अपहरणकर्ते सगळे एकाच रांगेत. तू हे एका दृश्यात वापरून सोडून दिलंस, मी असतो तर तिथून हललोच नसतो. ब्रेकिंग न्यूज कितीही ब्रेकिंग असो, फेरी भरल्याशिवाय सुटत नाही.

भाषेचंही तेच. तुझी सगळी पात्रं पुस्तकी मराठी बोलतात. आपल्याकडे माणूस घरी कोंकणी बोलतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो आणि कॅमेरा दिसला की तिसरीच काहीतरी भाषा बोलतो. ती तिसरी भाषा लिही. आणि भाषांतराच्या गोंधळातून एक प्रसंग फुकट देतो. म्हातारी कॅमेऱ्याला सांगते, “पाव पावूंक ना.” म्हणजे पाव आलेला नाही, पिशवी रिकामीच आहे. मुंबईच्या डेस्कवरचा माणूस ऐकतो, पाव पावला नाही. पाव म्हणजे पाव कोटी. टिकर सुरू: ‘पंचवीस लाखांची खंडणी अद्याप पोचलेली नाही.’ आणि तोवर आपल्या दोन मुलग्यांनी खंडणी मागितलेलीच नाही. पोदेरासाठी कोण देणार, या विचाराने ते कोपऱ्यात डोकं धरून बसलेत. टीव्हीवर आकडा दिसतो आणि त्यांना पहिल्यांदा कळतं की आपल्या मालाची किंमत काय आहे.

आता पोलीस आणि कायदा, कारण ते तू स्वतंत्र विचारलंस. ‘ही आमची हद्द नाही’ हा विनोद काढ. फेरी नदीच्या मध्यावर, एक काठ तिसवाडी, दुसरा डिचोली, तक्रार घ्यायला दोन्ही स्थानकं तयार नाहीत, हे जुनं झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कोणत्याही स्थानकात नोंदवता येते, त्यालाच शून्य एफआयआर म्हणतात. उलटं कर. बाहेर कॅमेरे उभे आहेत म्हणून दोन्ही स्थानकांना गुन्हा आपल्याकडेच हवाय, आणि पोदेराची बायको दोन पीआयंच्या मध्ये बसून दोन ठिकाणचा चहा पितेय.

तुझे मुलगे ‘सहा महिन्यांत सुटू’ म्हणतात. कोणीतरी त्यांना भारतीय न्याय संहिता वाचून दाखव. कलम १४०(२): खंडणीसाठी अपहरण आणि जिवाला किंवा शरीराला इजा करण्याची धमकी, शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. कलम १४०(३): गुपचूप डांबून ठेवण्यासाठी अपहरण, सात वर्षांपर्यंत. फरक धमकीचा. आधीच्या दंडविधानात हेच कलम ३६४ अ होतं, आणि २०२१ साली तेलंगणच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं अपहरण आणि खंडणी सिद्ध करून भागत नाही, धमकी किंवा तशी भीती वाटावी असं वर्तनही सिद्ध व्हावं लागतं. यातून काय निघतं बघ. मुलग्यांचा एक मावसभाऊ पणजीत वकिलाकडे कारकून आहे. तो त्यांना खंडणीचं पत्र लिहून देतो: ‘महोदय, आपला पोदेर आमच्याकडे सुरक्षित आहे. रक्कम आपल्या सवडीने द्यावी. न दिल्यास काहीही होणार नाही. सदर पत्र धमकी समजू नये.’ हे पत्र वाहिनीवर तज्ज्ञ मंडळी उलगडून दाखवतात: ‘काहीही होणार नाही’ हे किती थंड डोक्याने लिहिलंय! प्रत्येक जण गंभीर, कोणी हसवत नाहीये, आणि लोक खुर्चीवरून पडतील.

तिसऱ्या अंकात तुझी गोष्ट जागच्या जागी फिरते. खंडणी पैशातच असली पाहिजे असं नाही. १९७४ साली कॅलिफोर्नियात पॅटी हर्स्ट या वृत्तपत्रसम्राटाच्या नातीला पळवणाऱ्यांनी मागणी केली की गरिबांना अन्न वाटा. बापाने वीस लाख डॉलरची वाटपयोजना सुरू केली आणि वाटपाच्या जागी झुंबड उडाली. तुझ्या मुलग्यांनी टीव्हीला घाबरून एखादी लोकोपयोगी मागणी केली तर? ‘रात्रीची फेरी वाढवा.’ मग रविवारी ग्रामसभा. एक जण उठून म्हणतो, अपहरणकर्त्यांच्या मागण्यांत आमच्या वाड्याचा रस्ता नाही. दुसरा मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, दुरुस्ती घालायला सांगतो. दुरुस्त्यांसह खंडणीचा ठराव बहुमताने संमत. ग्रामसभा बघितलेल्या कोणालाही हे अतिशयोक्त वाटणार नाही.

निरोप्या कोण, हाही प्रश्न आहे. ३० जुलै २००० रोजी वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांना पळवलं, ते १०८ दिवस जंगलात होते. वाटाघाटीला सरकारांनी पाठवलं ते ‘नक्कीरन’ या तमिळ नियतकालिकाच्या संपादकाला. पत्रकार निरोप्या होतो तेव्हा तो बातमी देणारा राहत नाही, आणि बातमीतून बाहेरही पडत नाही. तुझ्या स्ट्रिंगरला नेमकं तिथे उभा कर.

एक वळण सुचवतो, पण ते पेलशील तरच घे. आज आपल्याकडच्या कितीतरी बेकऱ्या कर्नाटकातून आलेली माणसं चालवतात. चौथ्या दिवशी कोणीतरी शोधून काढतं की आपला बेकरीसम्राट मूळचा तिकडचा. संध्याकाळच्या चर्चेचा विषय बदलतो: तो गोंयकार (गोव्याचा) की भायलो (बाहेरचा)? काल मेणबत्त्या लावणारे आज हात झटकतात. पिशव्या मात्र रिकाम्याच टांगलेल्या. यावर लोक हसतील आणि मध्येच हसू अडकेल, आणि नाट्यवाचनातल्या शांततेपेक्षा ही शांतता वेगळी असेल. गावाला नावं ठेवतोस असं कोणी म्हणालं तर म्हणू दे, आम्ही तियात्रात, आमच्या कोंकणी नाटकात, याहून जास्त ऐकून घेतलेलं आहे.

एका गोष्टीत मात्र हयगय करू नकोस. ओलिसाच्या गळ्यावर सुरी असताना वार्ताहर बाईट घेतो, असा विनोदी प्रसंग तू लिहिलायस. तो खरंच घडलेला आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये जर्मनीत ग्लाडबेकची बँक लुटून दोघे ओलिसांना घेऊन पळाले. कोलोन शहरात भर रस्त्यात त्यांच्या गाडीभोवती पत्रकारांचा गराडा, खिडकीतून मुलाखती, आणि एक पत्रकार तर शहराबाहेरची वाट दाखवायला गाडीत बसून गेला. त्या ५४ तासांत दोन ओलीस मेले, पाठलागात एक पोलीसही गेला. त्यानंतर तिथल्या प्रेस कौन्सिलने गुन्हा चालू असताना गुन्हेगाराची मुलाखत घ्यायला बंदी घातली. आपल्याकडे २००८ च्या मुंबई हल्ल्यातल्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ साली केबल नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद झालं. तुझ्या गोष्टीत पोदेराच्या जिवाला खरा धोका एका क्षणापुरताच येऊ दे, आणि तो मुलग्यांकडून नको, गर्दीकडून येऊ दे. कॅमेरे लपण्याची जागा थेट दाखवतात आणि अंधारात दोनशे माणसं खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, बांधावर चढतात. तिथे पार्श्वसंगीतही नको.

वाहिनीचं नाव, लोगो, अँकरची केशरचना, काहीही खऱ्यासारखं ठेवू नकोस. वकिलाचा खर्च वाचतो आणि टीकाही जास्त लांब पोचते. चित्रीकरणाच्या परवान्यासाठी गोवा मनोरंजन संस्थेची एक खिडकी आहे, पण फेरीबोट नदी परिवहन खात्याची, तिथे स्वतः जाऊन बस. ऑगस्टमध्ये शूट करायचं असेल तर पावसाचे दिवस हिशेबात धर.

शेवट. तू पोलिसांची धाड, गोळीबार आणि अँकरची जाहीर माफी लिहिलीस. कोणी माफी मागत नाही गं. पोदेराला सोडून दे. मुलग्यांनाच तो जड झालाय, पहाटे तीनला उठून पीठ मळायला बसतो, त्यांना झोपू देत नाही. ते त्याला नार्वेच्या धक्क्यावर आणून ठेवतात. पलीकडून येणारी फेरी व्हॅननी खच्चून भरलेली, सगळे त्यालाच शोधायला निघालेत. व्हॅन उतरतात, त्याच्या शेजारून निघून जातात, कारण टीव्हीवर त्याचा जो फोटो चाललाय तो दुसऱ्याच कोणाचा तरी आहे. तो रिकाम्या फेरीत सायकल चढवतो. फेरीवाला विचारतो, “आज उशीर?”

हे लिहिण्याआधी नार्वेच्या धक्क्यावर एक पहाट काढ आणि फेरीवाला खरंच काय विचारतो ते ऐकून ये. दुसरा खर्डा चतुर्थीनंतर पाठव. त्याआधी माझ्या घरी पाहुणे आहेत.